काट्यावर न दिसणारी चरबी

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली दोन डॉक्टरांचा एक फोटो छापला. शेजारी शेजारी उभे असलेले लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. सोबतच्या चार ओळींत कारणेही दिली होती. युडकिन मॅरेथॉन पळतात, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे. शिवाय जन्मतः याज्ञिकांचे वजन कमी, २,७०० ग्रॅम होते.

गंमत म्हणून सगळ्यांना लिफ्ट आठवते. खरी गोष्ट मात्र त्या २,७०० ग्रॅममध्ये आहे.

ऑक्सफर्डमध्ये संशोधन करून याज्ञिक पुण्यात परतले आणि रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात त्यांनी मधुमेहाचे काम सुरू केले. टाइप २ मधुमेह म्हणजे वय झालेल्या, लठ्ठ माणसाचा आजार, असे पाश्चात्य पाठ्यपुस्तके सांगत. बाह्यरुग्ण विभागात येणारी माणसे त्यांत बसत नव्हती. वय कमी, हातपाय काडीसारखे, पोट तेवढे सुटलेले. वजन बेताचे आणि साखर मात्र चढलेली.

त्याच काळात इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर हे संशोधक हर्टफर्डशायरच्या सुइणींच्या जुन्या नोंदवह्या चाळत होते. १९११ पासून तिथे बाळांची वजने लिहून ठेवलेली होती. कमी वजनाची बाळे मोठेपणी हृदयरोग आणि मधुमेहाकडे जास्त झुकतात, असे त्यांतून दिसले. याज्ञिकांनी ही कल्पना केईएममध्येच जन्मलेल्या चार वर्षांच्या मुलांवर तपासली. साखर पाजल्यानंतर जन्मतः हलक्या मुलांच्या रक्तातली साखर आणि इन्सुलिन जास्त वर गेले. म्हणजे मूळ शोधायचे तर आईच्या पोटापर्यंत जायला हवे.

आपल्याकडे तशा वह्या कुठून असणार? त्या नव्याने लिहाव्या लागल्या. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी हा आयांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. आरोग्यसेविका दर महिन्याला घरोघरी जाऊन पाळीची तारीख विचारत. ती चुकली की सोनोग्राफी. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात आईचा आहार आणि रक्त तपासायचे, आणि बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत वजन, लांबी, पोटाचा घेर, कातडीची जाडी मोजायची. फोटोला मिळाली तेवढी प्रसिद्धी या पायपिटीला मिळाली नाही, याची चुटपुट मला वाटते.

या बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वजन इथे २.७ किलो, तिथे ३.५. पुण्याचे बाळ सगळ्याच मापांत लहान, पण सारखे लहान नव्हे. पोटाचा घेर सर्वांत मागे, स्नायूही कमी. पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमट्यात धरलेली कातडी मात्र जवळजवळ तिथल्याइतकी जाड. 'थिन-फॅट' हा शब्द इथून रुळला. दिसायला किडकिडीत, आत चरबी राखून असलेले बाळ. (आपल्या आज्यांना बाळ गुटगुटीत हवे असते, हे तसेही नव्हते.)

मग आयांच्या रक्ताकडे लक्ष गेले. दोन तृतीयांश जणींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि रक्तातल्या लाल पेशींतले फोलेट (फोलिक ॲसिड ज्या प्रकारचे आहे ते जीवनसत्त्व) कमी असलेली बाई फक्त एक. दूध-मांस ताटात क्वचितच येणाऱ्या घरांत हे चित्र फारसे अनपेक्षित नाही. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या आयांचे बी-१२ कमी पण फोलेट जास्त होते, त्यांच्यात इन्सुलिनला सर्वाधिक प्रतिरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी स्थिती, आढळला. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. गरोदरपणात फोलिक ॲसिडची गोळी ठरलेली, बी-१२ची नाही. तेव्हा हा निष्कर्ष अडचणीचाच होता. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच करायला हवा.

तो २०१२ मध्ये सुरू झाला, 'प्रिया' नावाने. भाग घेणारे म्हणजे त्याच गावांतली, त्याच वह्यांतली मुले-मुली, आता वयात आलेली. कोणाला बी-१२, कोणाला त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, कोणाला नुसतीच बिनऔषधी गोळी. लग्न होऊन त्यांना मुले झाली की त्या बाळाच्या नाळेतले रक्त तपासायचे. जिचे माप जन्मानंतर ७२ तासांत घेतले होते, तिच्याच बाळंतपणाची वाट पाहत वही पुढे उघडी ठेवलेली होती.