डुकराच्या पिल्लांवर औषधाचा अभ्यास: फॉर्म बी परत का येतो

मुलांच्या औषधासाठी डुकराच्या पिल्लांवर अभ्यास करायचा असेल, तर पुण्यातलं फार्मसी कॉलेज असो की हिंजवडीची कंपनी, वाट एकच. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या सीसीएसईए या समितीकडे (पूर्वीची सीपीसीएसईए) संस्थेची नोंदणी हवी. मग फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरून संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे ठेवायचा.

पहिली गफलत इथेच होते. उंदीर-सशांना ही समिती स्वतः मंजुरी देते. डुक्कर मोठ्या प्राण्यांत मोडतं. त्यासाठी ती फक्त शिफारस करते आणि परवानगी दिल्लीहून, सीसीएसईएकडून येते. तरी इतिवृत्तावर सह्या झाल्या की लोक फार्मवाल्याला फोन लावतात. मादीचा गाभणकाळ साधारण 114 दिवसांचा, ती तुमच्या फायलीसाठी थांबत नाही. तीन दिवसांची हवी असलेली पिल्लं कागद येईपर्यंत खाद्य खाऊ लागतात, आणि तो अभ्यास मग वेगळ्याच वयाचा होतो. परवानगी हातात आल्यावरच मादी भरवायला सांगा.

दुसरा अडथळा: उंदीर का नाही? प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 चं कलम 17 सांगतं की लहान प्राण्यावर तोच निष्कर्ष मिळत असेल तर मोठा टाळावा. ‘डुकराची त्वचा माणसासारखी असते’ हे छापील वाक्य सगळेच लिहितात. त्याने भागत नाही. तुमचं औषध मलम आहे की सिरप, ते कोणत्या वयाच्या मुलांना द्यायचंय, वाढत्या शरीरात कोणत्या अवयवाची काळजी वाटते, ते लिहा. प्रौढ प्राण्यांची आणि मोठ्या माणसांची माहिती का पुरत नाही, हेही सांगा. औषधांचे नियम देशोदेशी सारखे करणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची मुलांच्या औषधांसाठीची एस11 मार्गदर्शक सूचना (2020) हाच प्रश्न आधी विचारते.

संख्या मांडताना सगळी पिल्लं एकाच वेतातली घेऊ नका. भावंडं एकमेकांसारखीच असतात, फरक औषधाचा की आईचा हे कळत नाही. आणि चीक, म्हणजे आईचं पहिलं दूध! पिल्लाला आईच्या वारेतून प्रतिपिंडं मिळत नाहीत, पहिल्या दिवशीच चीक लागतो. तो कुठे आणि कसा पाजणार, हे पशुवैद्याने विचारण्याआधीच लिहून ठेवा.

शेवटी तो कागद, जो कुणाकडेच नसतो: अभ्यासानंतर जनावरांचं पुढे काय. मारणार असाल तर शास्त्रीय कारण द्या. जगवणार असाल तर कुठे ठेवणार ते लिहा, आणि त्यांच्या सांभाळाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरा. ‘नंतर बघू’ असं लिहिलेले अर्जही पाहिलेत.