हेड बोल्ट व हेड गॅस्केट (डिझेल इंजिनातील)

सिलिंडर ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड यांच्यामधला सांधा ज्वलनवायू, पाणी व वंगणतेल यांच्यासाठी एकाच वेळी बंद ठेवणारे भाग: हेड आवळणारे बोल्ट आणि मधला पातळ थर, म्हणजे गॅस्केट. डिझेल इंजिनात इंधन दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. त्यामुळे संपीडन गुणोत्तर (हवा किती पट दाबली जाते ते) साधारण १४ ते २२ असते आणि या सांध्यावर पेट्रोल इंजिनापेक्षा पुष्कळ जास्त भार येतो. शेतपंपावरच्या ८० मिमी व्यासाच्या एका सिलिंडरात ७० बार दाब धरला, तरी हेडला वर ढकलणारे बल सुमारे साडेतीन टन भरते. टर्बोचार्जरच्या आधुनिक इंजिनांत दाब १५० बारच्या पुढेही जातो.

गॅस्केट जळाले की दोष बहुधा गॅस्केटलाच दिला जातो. परंतु सांधा बंद राहतो तो बोल्टांच्या ताणामुळे, आणि तपासणीची सुरुवात तिथूनच करणे योग्य. कसताना बोल्ट किंचित लांबतो व तो ताण हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. टॉर्क (पिळण्याचा जोर) दाखवणाऱ्या पान्यावरचा आकडा मात्र ताणाचा नसतो. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण नव्वद टक्के बोल्टाच्या डोक्याखालच्या व आट्यांमधल्या घर्षणात जातो. आटे गंजलेले असतील तर पाना पूर्ण टॉर्क दाखवतो, पण ताण अपुरा राहतो. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेल लावून दिला तर ताण प्रमाणाबाहेर जातो. म्हणून आट्यांना तेल लावावे की नाही, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेवरूनच ठरवावे. ब्लॉकमधल्या बंद छिद्रात तेल किंवा पाणी साचलेले असल्यास बोल्ट कसताना ब्लॉक तडकू शकतो.

या अडचणीवर उपाय म्हणून थोडा टॉर्क देऊन पुढे ठराविक अंश फिरवण्याची पद्धत आली. १.७५ मिमी अंतराच्या आट्यांचा बोल्ट ९० अंश फिरवला की सुमारे ०.४४ मिमी पुढे सरकतो, मग घर्षण कितीही असो. यासाठीचे बरेच बोल्ट कायमचे लांबेपर्यंत ताणले जातात. ते पुन्हा वापरू नयेत किंवा निर्मात्याने लांबीची मर्यादा दिली असल्यास मोजूनच वापरावेत.

इंजिन काही तास चालवल्यावर हेड पुन्हा कसण्याबाबत एकमत नाही. तांबे-ॲस्बेस्टॉसची आणि जुनी संमिश्र गॅस्केटे वापरात दबून पातळ होतात, त्यामुळे त्यांना ते लागते. काही कारागीर बोल्ट आहे तिथूनच पुढे ओढतात. काही एकावेळी एकच बोल्ट सुमारे पाव फेरी सैल करून पूर्ण टॉर्कला आणतात. स्थिर घर्षणामुळे पहिल्या रीतीत बोल्ट हलण्याआधीच पाना आकडा दाखवू शकतो. पुस्तिका काही सांगत नसेल तिथे दुसरी रीत अधिक ग्राह्य वाटते. अंशांनी कसलेल्या बोल्टांना यांपैकी काहीच करू नये.

ॲस्बेस्टॉसची जागा पुढे ग्राफाइटने व साधारणपणे १९९० नंतर अनेक पातळ पोलादी थरांच्या गॅस्केटने घेतली. युरोपीय संघात ॲस्बेस्टॉसवरील बंदी २००५ पासून सर्वत्र लागू झाली. जुने गॅस्केट कोरडे खरवडू नये. धूळ फुप्फुसांना घातक असते. पोलादी गॅस्केटला गुळगुळीत पृष्ठ लागते, हातयंत्राने घासून पडलेले खळगे त्याला चालत नाहीत. अनेक इंजिनांत दट्ट्या ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून गॅस्केटची जाडी निवडतात. ती कडेच्या खाचांवरून किंवा छिद्रांवरून ओळखतात.

कसण्याचा क्रम मधून कडेकडे, निदान तीन टप्प्यांत, सोडवताना उलटा.

रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, दुधाळ तेल, पांढरा धूर आणि शेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम घटलेले संपीडन ही गळतीची लक्षणे होत.

जहाजांवरील मोठ्या इंजिनांत स्टड (बोल्टाऐवजी वापरलेले आट्यांचे दांडे) द्रवीय जॅकने थेट ताणून मग नट हाताने बसवतात, त्यामुळे तिथे आट्यांच्या घर्षणाचा प्रश्न जवळजवळ उरत नाही.