मुंबईत भरती हा इशारा कसा झाला

जून लागला की मुंबईच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: आज दुपारी समुद्राला मोठी भरती, नागरिकांनी किनाऱ्यावर जाणं टाळावं. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधीच तारीख-वेळेसकट जाहीर करते आणि वर्तमानपत्रं ती चौकटीत छापतात. त्या चौकटीत भरती म्हणजे संकट.

आपल्या बोलण्यात मात्र उलट आहे. आनंदाला भरती येते, उत्साहाला उधाण येतं, धंद्याला ओहोटी लागते. जे वाढतं, भरतं, बरकतीला येतं ते सगळं मराठीने भरतीच्या पदरात टाकलं आणि उतरती कळा ओहोटीला दिली. तरी जुलैतल्या मुसळधार दिवशी परळला किंवा दादरला गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस विचारतो, ‘ओहोटी कधी आहे?’ त्याला ओहोटी हवी असते. भाषेने जे चांगलं म्हटलं ते या शहरात नकोसं कसं झालं, याची मुळं समुद्र बुजवून जमीन करण्याच्या अडीचशे वर्षांच्या भरावात आहेत. त्याआधी मात्र कोळीवाड्यात जायला हवं, कारण भरतीला चांगलं म्हणणारी माणसं तिथली.

माहीम, वरळी, वर्सोवा, ट्रॉम्बे इथल्या कोळ्यांचं जुनं जाळं म्हणजे डोल. तोंड रुंद, शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं. समुद्राच्या तळात खुंट रोवून ते प्रवाहाकडे तोंड करून बांधायचं. मासळीच्या मागे कुणी धावत नाही. पाणी भरतीला आत आणि ओहोटीला बाहेर जोराने धावतं, त्याच्याबरोबर बोंबील, जवळा, करंदी जाळ्यात शिरतात. पाण्याची ओढ थांबली, ते फिरायच्या बेतात आलं, की जाळं उचलायचं. म्हणजे मिळकत पाण्याच्या ओढीवर. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण असतं, ओढ जबर, म्हणून हे कमाईचे दिवस. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग: पाणी चढतं कमी, उतरतंही कमी, जाळ्यात जोर भरत नाही. मग ते दिवस जाळी सांधायला आणि होड्यांच्या डागडुजीला. भांडुप, मुलुंड, वडाळ्याच्या मिठागरांचंही तेच. उधाणाचं पाणी बांधाच्या दारातून आत घ्यायचं आणि उन्हाने आटवायचं. उधाण चुकलं की कोंडी कोरडी.

या माणसांना भरतीची वेळ सांगायला छापील कोष्टक लागत नव्हतं. कोकण किनाऱ्यावर एक साधा हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी काढायला तेवढं पुरतं. हा हिशेब नुसता अनुभवाचा नाही. तिथी ही मुळात चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर बारा-बारा अंशांनी मोजण्याची रीत आहे, आणि समुद्राचं पाणी त्याच अंतरावर चढतं-उतरतं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊणपटीचा हिशेब त्याच्या अगदी जवळ जातो. दर बंदराला तो जसाच्या तसा लागू पडत नाही; मुंबईच्या आसपास पडतो. हे गणित आपण शाळेतल्या पोरांना शिकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुंबईच्या पोराला ते पाढ्यांसारखं यायला हवं.

इथल्या पाण्याचा आवाकाही लक्षात घ्यायला हवा. मालवणकडे उधाणाला पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. मुंबईत ते साडेतीन-चार मीटर, आणि खंबातच्या आखातात दहा मीटरच्या पुढे. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ दूरवर पसरलेला आहे, त्यामुळे लाट किनाऱ्याकडे येताना उंच होत जाते. दुसरं असं की इथे दिवसाला दोन भरत्या येतात, पण त्या सारख्या नसतात. पावसाळ्यात त्यातली मोठी भरती दिवसा येते, हिवाळ्यात रात्री. त्यामुळे वर्षातलं चढं पाणी नेमकं पाऊस आणि गर्दी यांच्याच वेळेला गाठ घालतं. अपोलो बंदरावर पाण्याची पातळी 1878 पासून नोंदली जाते. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक.

बंदरालाही भरती हवीच असायची. वाडियांनी जिथे जहाजं बांधली त्या 1750 च्या सुक्या गोदीत जहाज आत घ्यायचं ते पाणी चढल्यावर, मग दार लावून आतलं पाणी काढायचं. पुढे 1880 साली झालेल्या प्रिन्सेस डॉकचे दरवाजेही भरतीच्या वेळेलाच उघडत. रत्नागिरीकडून येणारा चाकरमानी भाऊच्या धक्क्याला बोटीतून उतरायचा. माल आला, माणूस आला, तो पाण्याबरोबर आला. पलटणीत माणसं घेण्यालाही आपण भरतीच म्हणतो. आज गावाकडच्या पोराला ‘काय करतोस?’ विचारलं तर तो ‘भरतीची तयारी करतोय’ म्हणतो, आणि मरोळ, कालिना, नायगावच्या मैदानांवर पोलीस भरतीला येतो. ‘भरती निघाली का?’ या प्रश्नात घरचं कर्ज, बहिणीचं लग्न, सगळं असतं. हलका अर्थ काय तो एकच, भरतीच्या मजकुराचा.

आता भराव. मुंबई सात बेटांची होती हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या बेटांमध्ये काय होतं हे फारसं कुणी सांगत नाही. तिथे कायम खोल समुद्र नव्हता. भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, तिवरं, खाजण अशी जमीन होती. पायधुणी हे नाव अशाच ओढ्याकाठचं, चिखल तुडवून आलं की पाय धुवायची जागा. उमरखाडीत तर खाडी नावातच राहिली. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र दर भरतीला आत घुसायचा आणि आजचं ताडदेव, मुंबई सेंट्रल, नागपाडा, भायखळा एवढा पट्टा पाण्याखाली घालायचा. इंग्रजी कागदांत या पट्ट्याला ‘फ्लॅट्स’ म्हणत.

ते खिंडार बुजवायचं काम गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, 1780 च्या दशकात झालं. बांध घातला की समुद्र तो फोडायचा. शेवटी देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून तिन्ही मूर्ती निघाल्या, त्यांची स्थापना झाली आणि मग बांध उभा राहिला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे. ती मला फार मोलाची वाटते. समुद्राची जागा घेताना त्याला विचारावं लागतं, ही जाण तीत आहे. नंतरच्या भरावांच्या कुठल्याच आराखड्यात ती सापडत नाही.

बांध झाला, पण जमिनीची उंची वाढली नाही. समुद्र बाहेर अडला आणि त्याच्या भरतीच्या पातळीहून खाली असलेली जमीन आत राहिली. पावसाचं पाणी आता बाहेर कसं जाणार? त्यासाठी बांधात दारं ठेवली: ओहोटीला उघडायची, भरतीला लावायची. मुंबईत भरती आणि ओहोटी यांच्या अर्थांची अदलाबदल इथे, या दारांपाशी झाली, असं मी मानतो. बांधाबाहेरच्या कोळ्याला भरती म्हणजे अजूनही कमाई होती. बांधाच्या आत राहणाऱ्याला ओहोटी म्हणजे सुटका झाली.

त्यानंतर बांधांची रांगच लागली. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात शीवचा बांध, 1838 मध्ये कुलाब्याचा, 1845 मध्ये अवाबाई जमशेटजी जीजीभाईंच्या पैशातून माहीमचा. सुकलेल्या फ्लॅट्सवर वस्ती आली, मग गिरण्या. पहिली कापडगिरणी 1856 मध्ये सुरू झाली ती ताडदेवला, म्हणजे सत्तरेक वर्षांपूर्वी जिथे भरतीचं पाणी येत होतं तिथेच. या गिरण्यांत रत्नागिरीचे लोक सर्वांत जास्त. मुकादमाच्या शब्दावर दारात कामगार घेतले जायचे, बदलीवाले पहाटे फाटकाशी उभे राहायचे. पाणी हटवलेल्या जमिनीवर माणसांची भरती सुरू झाली.

शहराच्या दक्षिणेकडच्या बॅक बे या उपसागरात भराव हा सट्टा झाला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि 1864-65 मध्ये समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर, जमीन दिसायच्या आधीच, कित्येक पटींनी विकले गेले. युद्ध संपलं, भाव कोसळला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे सावकारही बुडाले. पुढे 1920 च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइडने बॅक बेची योजना पुन्हा काढली, तिच्यातला घोळ वकील खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, आणि गंमत म्हणजे त्यांचं नाव आज भरावावरच्याच नरिमन पॉइंटला आहे. मरीन ड्राइव्हचा रस्ता त्याच खटाटोपातून मिळाला. या प्रत्येक वेळी बोलणं झालं ते मिळणाऱ्या जमिनीबद्दल. पाणी कुठे जाणार याबद्दल फार थोडं.

त्याचा हिशेब आज गटारांच्या मुखांशी लागतो. मुंबईचं पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी 186 मुखं आहेत. त्यातली 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत. 135 सरासरीच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर फक्त सहा. म्हणजे मोठ्या भरतीला सहा सोडून बाकी सगळ्या तोंडांवर समुद्र चढलेला असतो. दारं लावली तर आतलं पाणी तुंबतं, उघडी ठेवली तर बाहेरचं आत येतं. इंग्रजांच्या काळातल्या पर्जन्यवाहिन्यांची ताशी 25 मिलिमीटर ही जी क्षमता आपण नेहमी ऐकतो, तीसुद्धा ओहोटी असताना. हे शेवटचे दोन शब्द बातम्यांतून गळतात, आणि खरी मेख तिथे आहे.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कुठल्याही शहराने सोसला नसता. पण त्याच दुपारी समुद्राला जवळपास साडेचार मीटरची भरती होती, मिठी नदीचं तोंड तिने अडवलेलं होतं आणि नदीचं पात्र भरावांनी आधीच आकसलेलं होतं. नंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीने या सगळ्याचा माग काढला. वाहिन्यांची क्षमता ताशी 50 मिलिमीटर करायची ब्रिमस्टोवॅड योजना 1993 पासून कागदावर होती. तिला वेग आला तो शेकडो माणसं गेल्यावर. मग हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पंपिंग स्टेशनं झाली. ही काय करतात? भरतीला दार लावून घेतात आणि आतलं पाणी उपसून समुद्रात टाकतात. हॉर्नबीच्या बांधातल्या दाराला आपण वीज जोडली आहे. दादरजवळच्या सखल हिंदमाता भागासाठी प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी तिथे थोपवायचं, ओहोटीला सोडायचं.

पाऊस नसतानाही समुद्र आपली वेळ सोडत नाही. 2025 च्या अनंत चतुर्दशीनंतर लालबागच्या राजाची मूर्ती सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली, पाणी चढलेलं होतं, मूर्ती तराफ्यावर चढेना, आणि विसर्जन व्हायला रात्रीचे नऊ वाजले. लोकांना त्याचं नवल वाटलं. त्या दिवशी पौर्णिमा होती: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, वर उधाण. अनंत चतुर्दशी दर वर्षी पुनवेच्या तोंडावरच येते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी गिरगावला पाणी मोठंच असणार. कुठल्याही कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्याने हे तारखेचं कॅलेंडर न बघता सांगितलं असतं.

कोळ्यांना आधी विचारलं नाही की काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण आहे. किनारा रस्त्यासाठी, म्हणजे कोस्टल रोडसाठी, 111 हेक्टर भराव झाला. वरळीत क्लीव्हलँड बंदरासमोर पुलाच्या खांबांमधलं अंतर होड्यांना अपुरं आहे, उधाणाच्या ओढीत होडी खांबावर आदळेल, असं वरळीचे कोळी सांगत होते. त्यांनी काम अडवलं, भांडले, आणि अखेर ते अंतर 120 मीटर करावं लागलं. मोगरा आणि माहुल इथली पंपिंग स्टेशनं मात्र वर्षानुवर्षं जागेच्या आणि परवानग्यांच्या घोळात अडकली. माहुलच्या खाडीत कोळी अजून जाळी टाकतात, आणि शीव-वडाळ्याच्या सखल भागाचं पाणी त्याच बाजूला उतरतं. पुढच्या भरावाचा नकाशा काढताना त्यांना सुरुवातीलाच बोलवावं, आणि साडेचार मीटरच्या यादीशेजारी प्रत्येक विभागातली गटाराची मुखं किती उंचीवर आहेत हेही छापावं, एवढं करायला ना भराव लागतो ना नवा कायदा.