सुई बदलावी की अख्खं यंत्र? टर्नटेबलच्या जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

घरात जुनं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, असेल तर कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतोच: याच्यावर आणखी खर्च करायचा की नवं आणायचं? बहुतेक जण यंत्राचं वय बघून उत्तर ठरवतात. चाळीस वर्षं झाली, आता किती दिवस चालणार, असा तो विचार असतो. टर्नटेबलच्या बाबतीत हा हिशेब फसवा आहे. १९६५ सालचं एखादं यंत्र साफसफाई आणि तेल एवढ्यावर पुढची वीस वर्षं सहज काढतं, आणि १९८५ सालचं एखादं कधीच निकालात निघालेलं असतं. यंत्र किती जुनं यापेक्षा ते कोणत्या काळात, कोणत्या विचारातून घडलं हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ग्रामोफोनचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. लाखेच्या तबकड्या, मिनिटाला सुमारे ७८ फेरे, आणि पोलादी सुई एकदोन बाजू वाजवल्या की फेकून द्यायची. बाकी यंत्र एकसंध होतं. बिघडलं तर दुरुस्त करायचं, सुधारण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

१९४८ मध्ये कोलंबियाने ३३ १/३ फेऱ्यांची, जास्त वेळ वाजणारी एलपी रेकॉर्ड आणली, पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड आणली, आणि जुनी यंत्रं एका फटक्यात कालबाह्य झाली. वेग वेगळा होता, खाच कितीतरी अरुंद होती. ७८च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ७५ मायक्रॉन असायची, एलपीला २५ मायक्रॉनची सुई लागे. इथे ‘सुधारू की बदलू’ असा पर्यायच नव्हता, बदलणं भागच होतं. १९५४ मध्ये आरआयएए या अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचं प्रमाण ठरलं: रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबायचे, वरचे उचलायचे आणि वाजवताना ॲम्प्लिफायरमध्ये त्याच्या उलट करायचं. त्या वेळी ही इंजिनिअरांपुरती बाब वाटली असेल, पण आज जुनं यंत्र नव्या ॲम्प्लिफायरला जोडणारा प्रत्येक माणूस त्याच बाबीला अडखळतो. त्याबद्दल पुढे.

खरी कलाटणी स्टिरिओने दिली. ॲलन ब्लमलाइन या इंग्लिश इंजिनिअरने एकाच खाचेत दोन ध्वनिमार्ग बसवण्याची कल्पना १९३१ मध्येच पेटंटसाठी नोंदवली होती. बाजारात स्टिरिओ रेकॉर्ड आल्या त्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस. मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाच्या रेकॉर्डमध्ये सुई फक्त आडवी हलायची. स्टिरिओमध्ये ती उभीही हलू लागली, आणि त्याने दोन गोष्टी झाल्या. पहिली, उभ्या दिशेने ताठ असलेलं मोनो कार्ट्रिज (सुईची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारा भाग) स्टिरिओ रेकॉर्डची खाच खरवडू लागलं. दुसरी गोष्ट जास्त दूरगामी: टर्नटेबलची उभी थरथर, जी मोनो कार्ट्रिजला ‘दिसतच’ नव्हती, ती आता स्पीकरमधून घरघर बनून ऐकू येऊ लागली.

त्या काळची दर्जेदार यंत्रं रबरी चाकावर चालत. ताकदवान मोटर, तिच्या दांड्याला टेकलेलं रबरी चाक आणि ते चाक तबकाच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या गोल थाळीच्या, आतल्या कडेला घासून तबक फिरवणार. १९५४ चं गॅरार्ड ३०१ हा याचा नमुना. रेडिओ केंद्रांना अशी यंत्रं आवडायची, कारण तबक क्षणात वेग पकडतं. पण मोटरची थरथरही त्याच चाकातून तबकापर्यंत पोहोचते. यावर एडगर व्हिल्चर यांनी अकूस्टिक रिसर्च या अमेरिकन कंपनीत १९६१ मध्ये काढलेला उपाय इतका साधा होता की आज त्याचं नवल वाटत नाही. मोटर लहान ठेवायची, ती रबरी पट्ट्याने तबकाला जोडायची, आणि तबक व टोनआर्म (सुई धरून रेकॉर्डवर सरकणारा दांडा) एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी स्प्रिंगांवर तरंगती ठेवायची. थरथर पट्ट्यात विरते, जमिनीचे हादरे स्प्रिंगांत. पुढची वीस-पंचवीस वर्षं असंख्य कंपन्यांनी हीच मांडणी घेतली, थोरेन्सचं टीडी १५० आणि टीडी १६० त्यांतली ठळक.

चाक आणि पट्टा यांच्यानंतरचं तिसरं घराणं जपानचं. मात्सुशिता कंपनीने १९७० मध्ये टेक्निक्स या आपल्या नाममुद्रेखाली एसपी-१० बाजारात आणलं. त्यात पट्टा नाही, चाक नाही. तबक थेट मोटरवरच बसतं. १९७२ मध्ये एसएल-१२०० आलं, आणि १९७९ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वार्ट्झच्या स्पंदनांवर वेग बांधला गेला. डीजेंनी ते यंत्र डोक्यावर घेतलं आणि या मालिकेची तीस लाखांहून जास्त यंत्रं खपली.

ही तीन घराणी ओळखता आली की जुन्या यंत्राबद्दलचा निम्मा निर्णय झालाच म्हणायचा, कारण म्हातारपण प्रत्येकाला वेगळ्या जागी गाठतं. चाकाच्या यंत्रात रबर कडक होतं, त्याला सपाट खड्डा पडतो. चाक नवं मिळतं, बाकी सगळं लोखंड आणि ब्राँझ, ते झिजायला पिढ्या लागतात. पट्ट्याच्या यंत्रात पट्टा सैल होतो, स्प्रिंगा बसतात, पण दोन्ही किरकोळ भाग आहेत. थेट मोटरच्या यंत्राला यांत्रिक झीज जवळजवळ नाही. मात्र त्याचा वेग सांभाळणाऱ्या आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेल्या असतात, आणि त्यातली एखादी गेली तर दुसरं मृत यंत्र शोधून त्यातून काढण्यापलीकडे फारसा मार्ग उरत नाही. म्हणजे ज्याला आपण सर्वांत आधुनिक समजतो तेच दुरुस्तीला सर्वांत अवघड निघू शकतं.

मग ‘अपग्रेड’ हा विचार आला कुठून? त्याची पायाभरणी टोनआर्मने केली. १९५९ मध्ये एसएमई या इंग्लिश कंपनीचा टोनआर्म आला. त्याचं हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवायचं पुढचं टोक, कडं फिरवून काढता-लावता येई, आणि तीच पद्धत पुढे जपानी कंपन्यांनी सर्रास उचलली. आता तबक एका कंपनीचं, टोनआर्म दुसरीचा, कार्ट्रिज तिसरीचं असं जमवता येऊ लागलं. या शक्यतेचं धोरणात रूपांतर केलं ग्लासगोच्या लिन कंपनीने. त्यांचं सॉन्डेक एलपी-१२ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलं, दिसायला अकूस्टिक रिसर्चच्याच मांडणीतलं. कंपनीचे आयव्हर टिफेनब्रुन सांगत सुटले की स्पीकर नंतर, आधी टर्नटेबल; जे खाचेतून उचललंच नाही ते पुढे कोणताच स्पीकर परत आणू शकत नाही. तोवर टर्नटेबलने नीट फिरावं एवढीच बहुतेकांची अपेक्षा असायची. शिवाय लिनने यंत्र बदललं नाही, भाग बदलत ठेवले: १९८२ मध्ये वल्हाला हा वीजपुरवठा, १९९३ मध्ये सर्कस हे बेअरिंग, नंतर आणखी बरंच काही. यातले बहुतेक भाग जुन्या यंत्रातही बसतात. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोयही आहे आणि न संपणारा खर्चही. माझं मत विचाराल तर ‘टर्नटेबल सुधारत राहायचं असतं’ हा आज सर्वत्र पसरलेला समज मोठ्या प्रमाणात या एका यंत्राची देणगी आहे, आणि तो प्रत्येक यंत्राला लावणं चूक आहे. ज्यासाठी सुटे भाग कल्पिलेच नव्हते, त्यात पैसे ओतून दुसरं एलपी-१२ होत नाही.

याच सुमाराला विरुद्ध विचारही मूळ धरत होता. इंग्लंडच्या रेगाने स्प्रिंगा टाकून दिल्या, हलका पण ताठ पाया घेतला आणि १९८३ मध्ये आरबी ३०० हा एकसंध ओतीव टोनआर्म काढला. साधं, कमी भागांचं यंत्र. आजची बरीचशी मध्यम किमतीची नवी टर्नटेबलं याच विचाराची आहेत.

कार्ट्रिज बदलणं हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तिथेही काळ आडवा येतो. सत्तरच्या दशकात कंपन्यांची शर्यत सुईचा भार कमी करण्याची होती. एक-दीड ग्रॅमवर चालणारी, अगदी मऊ टेकूची (सुईची दांडी ज्यावर टेकते त्या रबराची) कार्ट्रिजं आणि त्यांना साजेसे हलके टोनआर्म. नंतर मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईबरोबर तारेचं वेटोळं हलणाऱ्या, कार्ट्रिजांची चलती आली. त्यांचे टेकू बहुधा ताठ, त्यांना जड टोनआर्म हवा. टोनआर्मचं वजन आणि कार्ट्रिजच्या टेकूचा मऊपणा यांतून एक अनुनाद, म्हणजे दोन्ही मिळून ज्या वेगाने आपोआप थरथरू लागतात तो वेग, ठरतो. तो ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास असावा, म्हणजे वाकड्या रेकॉर्डच्या हेलकाव्यांच्या वर आणि संगीताच्या खाली. सत्तरच्या हलक्या टोनआर्मवर महागडं ताठ कार्ट्रिज लावलं की हा आकडा वर सरकतो, जड टोनआर्मवर मऊ कार्ट्रिज लावलं की खाली घसरतो. दोन्हीत पैसे जातात आणि आवाज बिघडतो. जुन्या काळातलं ‘न वापरलेलं’ कार्ट्रिज मिळालं म्हणून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. सुईच्या दांडीमागचं रबर डब्यात पडल्या पडल्याही कडक होतं.

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी प्लेअर विक्रीला आला आणि टर्नटेबलचं भविष्य संपल्यासारखं झालं. मोठ्या कंपन्यांनी खर्च छाटला. प्लास्टिकचा पाया, पातळ तबक, एकाच स्क्रूवर बसणारी टी४पी प्रकारची कार्ट्रिजं. आज दुरुस्तीच्या टेबलावर सर्वांत जास्त निराशा करतात ती याच काळाची स्वस्त यंत्रं. याच सुमारास ॲम्प्लिफायरमधून फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची खास जागा) नाहीसं होऊ लागलं, म्हणजे १९५४ चं ते उलट गणित करणारी सोयच गेली. जुनं टर्नटेबल नव्या ॲम्प्लिफायरला सरळ जोडलं की आवाज चिरका आणि क्षीण येतो, आणि माणूस दोष टर्नटेबलला देतो. तेच गणित करणारा वेगळा फोनो प्रीॲम्प लावल्यावर कितीतरी ‘बाद’ यंत्रं ठणठणीत निघतात.

पडत्या काळातही काही धागे तुटले नाहीत. ऑस्ट्रियाच्या हाइन्त्स लिश्तेनेगर यांनी चेक प्रजासत्ताकातल्या लितोवेलच्या, पूर्वी टेस्ला या चेकोस्लोव्हाक इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या असलेल्या कारखान्यात नव्वदच्या सुरुवातीला प्रो-जेक्ट या नावाची साधी यंत्रं बनवून घ्यायला घेतली. मूळच्या शिवणाच्या सुया बनवणाऱ्या जपानच्या जिको कंपनीने बंद पडलेल्या कार्ट्रिजांच्या सुया पुरवणं चालू ठेवलं. शुअर या अमेरिकन कंपनीने २०१८ मध्ये फोनो कार्ट्रिजं बंद केली तेव्हा या पर्यायी सुयांचं मोल अनेकांना कळलं. टेक्निक्सने २०१० मध्ये थांबवलेलं एसएल-१२०० हे २०१६ मध्ये परत आणलं, पण कितीतरी जास्त किमतीला. २०२० मध्ये अमेरिकेत रेकॉर्डच्या विक्रीचा महसूल १९८६ नंतर पहिल्यांदा सीडीच्या पुढे गेला. साहजिकच जुन्या चांगल्या यंत्रांचे भावही चढले.

या पुनरागमनाची एक उफराटी बाजू आहे. बाजारात सर्वांत सहज मिळणाऱ्या सुटकेससारख्या नव्या प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं, भार साधारण पाच ग्रॅम, टोनआर्मवर वजन साधायची सोय नाही. हे पन्नास-साठच्या दशकातल्या स्वस्त प्लेअरचं तंत्र आहे, फक्त कव्हर नवं. सत्तरच्या दशकातलं मध्यम दर्जाचं पट्ट्याचं यंत्र काढून त्याजागी असं काही आणणारा माणूस नव्याचे पैसे देऊन वीस वर्षं मागे जातो. नवा पट्टा, बेअरिंगला तेल, नवी सुई आणि प्रीॲम्प एवढं करून त्या जुन्याच यंत्रातून पुष्कळ जास्त मिळतं. याउलट ऐंशीच्या दशकातलं प्लास्टिकचं यंत्र असेल, वेग डळमळत असेल आणि त्याची सुई कुणीच बनवत नसेल, तर रेगा किंवा प्रो-जेक्टच्या घडणीचं साधं नवं टर्नटेबल घ्यावं.