मेलमधली विषयाची ओळ आली कुठून

मेल लिहिताना वरती जी सब्जेक्टची एक ओळ असते ती बहुतेक जण सगळ्यात शेवटी भरतात आणि काहीतरी टाकून मोकळे होतात. "महत्त्वाचं", "हॅलो", "एक शंका", झालं. मला याचा खरंच त्रास होतो, कारण ही ओळ तयार झाली ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, आणि तिचा इतिहास बघत गेलं की जवळपास प्रत्येक टप्प्यावर समोर कागदांचा नाहीतर मेसेजचा ढीग पडलेला कुणीतरी माणूस सापडतो.

सुरुवात अमेरिकेतल्या आर्पानेटपासून करू, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यापासून. १९७१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावात बीबीएन कंपनीत रे टॉमलिन्सनने एका मशीनवरून शेजारच्याच दुसऱ्या मशीनवर नेटवर्कमार्फत पहिला मेल पाठवला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तेव्हा आलेले मेल वाचायचे कसे, तर प्रोग्राम चालवायचा आणि पेटीतलं सगळं एका दमात पहिल्यापासून शेवटपर्यंत छापून यायचं, मधलाच एखादा हवा असेल तर सोयच नव्हती. आता आर्पा या संस्थेचे संचालक स्टीफन लुकासिक हे मेलचे मोठे चाहते, दिवसभर मेल यायचे, आणि त्या सगळ्या गर्दीतून कामाचं शोधायचं कसं हे त्यांनी आपल्याच ऑफिसातल्या लॅरी रॉबर्ट्सला विचारलं. रॉबर्ट्सने १९७२ च्या सुमारास 'आरडी' नावाचा छोटासा प्रोग्राम लिहून दिला, जो आलेल्या मेलची आधी यादी दाखवायचा, मग त्यातला हवा तो उघडा, बाजूला ठेवा, पुढे पाठवा. यादी आली म्हटल्यावर यादीत दिसायला काहीतरी पाहिजे, आणि तिथून विषयाच्या ओळीला खरी किंमत आली.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७३ मध्ये, आरएफसी ५६१ नावाचा एक छोटा दस्तऐवज निघाला (आरएफसी म्हणजे नेटवर्कचे नियम मांडणारे, क्रमांक दिलेले दस्तऐवज). मेलच्या वरच्या भागात काय काय असावं हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते त्यात: कुणाकडून, तारीख, विषय. लिहिणारे चौघं होते, टॉमलिन्सन त्यातले एक आणि दुसरे अभय भूषण, मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, तिथून एमआयटीला गेलेले. म्हणजे आज जगात सगळीकडे जी ओळ आपण भरतो ती ठरवणाऱ्यांत एक आपल्याकडचा माणूस आहे, आणि हे कुणी फारसं सांगत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. त्या दस्तऐवजात नमुना म्हणून एक मेलही दिलाय, २४ जुलै १९७३, दुपारी ३ वाजून २७ मिनिटांचा. विषय असा की मल्टी-साइट जर्नलच्या मीटिंगची सूचना. आणि आत मजकूर काय, तर बुधवारी २५ जुलैला सकाळी १० वाजता मीटिंग आहे, सगळ्यांनी या. म्हणजे मीटिंग दुसऱ्याच दिवशी सकाळी! माझं प्रामाणिक मत असं की "उद्या सकाळी १०" हे विषयातच यायला हवं होतं, मेल उघडायला रात्र झाली तर उपयोग काय. तरीपण मीटिंग आहे आणि ती कशाबद्दल आहे एवढं त्या ओळीतून लगेच कळतं, आज येणाऱ्या कितीतरी मेलांमध्ये तेवढंही नसतं.

या मंडळींनी ही रचना शून्यातून काढली नव्हती, त्यांच्या ऑफिसात मेमो चालायचेच आणि त्यावर प्रति, प्रेषक, तारीख, विषय असं छापलेलं असायचं. त्याच्याही मागे गेलं तर एकोणिसाव्या शतकात पत्र आलं की ते घडी घालून बाहेरच्या बाजूला तारीख, कुणाचं आणि कशाबद्दल हे बारीक अक्षरात लिहायचे आणि कप्प्यात सारायचे. म्हणजे विषय लिहायचा तो पत्र घेणारा कारकून, पाठवणारा नाही. मग उभ्या फायली आल्या, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्या लोकांनी पाहिल्या, कागद घडी न घालता विषयवार लावता यायला लागले, आणि एका कागदावर एकच विषय असावा आणि तो वरतीच लिहिलेला असावा म्हणजे फाईल करणाऱ्याला आख्खं पत्र वाचावं लागू नये, ही पद्धत हळूहळू पक्की झाली. काम कारकुनाकडून लिहिणाऱ्याकडे सरकलं ते इथे.

आपल्याकडच्या पत्रांचा मामला वेगळा. पेशवाईतली मोडी पत्रं घ्या, आधी नमस्कार, मग येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, आणि हे सगळं झाल्यावर "विशेष" असा शब्द यायचा आणि त्याच्यापुढे खरं काम. सरावलेला वाचणारा डोळ्यांनी थेट "विशेष" शोधणार हे उघड आहे. घरच्या पत्रांत हीच गोष्ट "सा. न. वि. वि.", म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, म्हणून परवा-परवापर्यंत टिकून होती, ज्यांनी आजोबांची पोस्टकार्डं वाचलीत त्यांना माहितीये. म्हणजे महत्त्वाचं कुठून सुरू होतं याची खूण आपल्या पत्रात होती, फक्त ती आत होती, वरती नव्हती. वरची "विषय :" ही ओळ आपल्याकडे आली इंग्रजी अमलातल्या कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारातून, आणि पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ मुळे सरकारी कारभार मराठीत यायला लागला तेव्हा तीसुद्धा मराठीत पक्की बसली, विषय, संदर्भ, मग "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून".

तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला की तो आधी बारनिशीला जातो, तिथे आवक नोंदवहीत एका आडव्या ओळीत नोंद होते, क्रमांक, तारीख, कुणाकडून आणि विषय. बारनिशीवरचा माणूस तुमचा दोन पानी अर्ज वाचत बसत नाही, वाचूही नये, ढीगभर टपाल असतं, तो तुमची विषयाची ओळ बघून उतरवतो आणि त्यावरूनच कागद कुठल्या टेबलाला जायचा ते ठरतं. आता तुम्ही नुसतं "दाखला मिळणेबाबत" लिहिलंत तर कुठला दाखला? उत्पन्नाचा, रहिवासी, जातीचा, की वय-अधिवासाचा? तेच "मुलीच्या इंजिनीअरिंग प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला मिळणेबाबत" लिहिलं तर काय हवंय, कुणासाठी, कशासाठी, सगळं एका ओळीत आलं, आणि दोन महिन्यांनी चौकशीला गेलात तरी नोंदवहीत बोट फिरवून तो कागद सापडतो. शासन निर्णयांच्या शीर्षकांत ते लांबलचक "...बाबत" असतं त्याची लोक थट्टा करतात, पण मला ते आवडतं, कारण हजारो जीआरमधून आपल्याला हवा तो त्या लांब शीर्षकामुळेच सापडतो.

परत कॉम्प्युटरकडे. मेलच्या नियमांत, म्हणजे १९८२ चा आरएफसी ८२२ धरा, विषय देणं ऐच्छिकच होतं, आजही आहे, रिकामा ठेवलात तरी मेल जातो. पण त्याच सुमाराला अमेरिकेतल्या विद्यापीठांमधून यूजनेट पसरत होतं, जिथे एकाने लिहिलेलं शेकडो अनोळखी लोकांपुढे जायचं, आणि तिथल्या १९८३ च्या नियमांत विषय सक्तीचा केला. नुसता सक्तीचा नाही, तो असा हवा की फक्त तेवढ्यावरून वाचणाऱ्याला ठरवता यावं, हे वाचायचं की सोडायचं. मोडेम तेव्हा इतके हळू होते की एकेक पान पडद्यावर उमटताना बघत बसायला लागायचं, म्हणून उघडून बघू काय आहे ते, हे परवडतच नव्हतं. माझ्या मते चांगल्या विषयाची याहून चांगली कसोटी नंतर कुणी लिहिलेली नाही.

मग अर्थातच लोकांच्या लक्षात आलं की वाचणारा याच ओळीवरून ठरवतो, तर त्याला याच ओळीवर फसवता येईल. एप्रिल १९९४ मध्ये अॅरिझोनातल्या एका वकील जोडप्याने यूजनेटच्या हजारो गटांमध्ये एकच जाहिरात टाकली, विषय होता ग्रीन कार्ड लॉटरी, शेवटची? असं शेवटी प्रश्नचिन्ह लावून. ते प्रश्नचिन्ह अजून आपला पिच्छा सोडत नाहीये. मे २००० मध्ये "आय लव्ह यू" असा विषय असलेल्या मेलमधून व्हायरस जगभर पसरला, तेवढे तीन शब्द बघून लोकांनी जोडलेली फाईल उघडली. २००३ मध्ये अमेरिकेत कॅन-स्पॅम कायदा झाला आणि जाहिरातीच्या मेलमध्ये दिशाभूल करणारा विषय देणं बेकायदा ठरलं.

मराठीत विषय लिहायचा म्हटलं तर सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. मेलच्या वरच्या भागात फक्त साधी रोमन अक्षरं चालायची, मजकूर देवनागरीत गेला तरी विषय नाही. यावर तोडगा १९९२ मध्ये निघाला आणि १९९६ च्या आरएफसी २०४७ मध्ये पक्का झाला, की दुसऱ्या लिपीतली अक्षरं रोमन अक्षरांच्या वेषात गुंडाळून पाठवायची आणि पलीकडच्या प्रोग्रामने ती उलगडायची. आजही हेच चालतं. तुम्ही विषयात एक "क" लिहिलात की यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरने अक्षरं साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, त्याचे तीन बाइट होतात आणि गुंडाळल्यावर चार रोमन चिन्हं, आणि असा एक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा, त्यातली १२ वेष्टनातच जातात, त्यामुळे एका तुकड्यात काना-मात्रा-वेलांट्या सुट्या मोजून देवनागरीची पंधराच चिन्हं बसतात. "सभेची सूचना" बसतं, "वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना" म्हटलं की तुकडे पडणार. जुने प्रोग्राम हे उलगडू शकायचे नाहीत तेव्हा विषयाच्या जागी "=" अशी चिन्हं, प्रश्नचिन्हं आणि पुन्हा पुन्हा "४केएस" असं काहीतरी दिसायचं, ते "४केएस" म्हणजे खरं तर आपली देवनागरीच, तिची बहुतेक अक्षरं या गुंडाळीत तशीच सुरू होतात. या भानगडीमुळे कित्येक मराठी माणसांना आत शुद्ध मराठी आणि विषय मात्र इंग्रजीत अशी सवय लागली, आणि आता सगळं नीट दिसतं तरी ती सवय गेलेली नाही. मला वाटतं आता ती सोडायला हरकत नाही.

व्हॉट्सअॅपवर तर विषयाची ओळच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची टाकी धुण्याचा मेसेज, वाढदिवस, मेन्टेनन्सची थकबाकी सगळं एकाखाली एक वाहत जातं, आणि म्हणून कितीतरी सेक्रेटरी आपणहून मेसेजच्या सुरुवातीला दोन्हीकडे चांदणी लावून पहिली ओळ ठळक करतात, "गुरुवारी सकाळी ९ ते १ पाणी बंद, बी विंग", आणि बाकीचं सगळं त्याखाली लिहितात.