जर्मनीतल्या समर स्कूलसाठी शेंगेन व्हिसा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

जर्मन विद्यापीठातला उन्हाळी कोर्स तीन-चार आठवड्यांचा असेल, तर अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा (सी प्रकार) पुरतो. शेंगेन म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचा गट. कोणत्याही १८० दिवसांत शेंगेन देशांतला एकूण मुक्काम ९० दिवसांच्या वर जाता कामा नये, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरला जातो. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. पुढे-मागे मिळून सहाच दिवस उरतात. १३ आठवड्यांचे ९१ होतात, मग दीर्घ मुक्कामाचा राष्ट्रीय (डी) व्हिसाच काढावा लागतो. ‘सी व्हिसावर जा, तिथे विद्यार्थी व्हिसात बदलून घेता येईल’ हा सल्ला ऐकू नका. तसं करता येत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. फॉर्म ऑनलाइन भरून छापायचा, सही करायची आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी मूळ कागद व झेरॉक्स घेऊन व्हीएफएस केंद्रात (दूतावासाच्या वतीने अर्ज स्वीकारणारी खासगी कंपनी) जायचं. बोटांचे ठसे तिथेच घेतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण चौकशी निघाली तर ४५ पर्यंत जातात. जुलैचा कोर्स असेल तर मार्च-एप्रिलमध्येच अर्ज देऊन मोकळं व्हा. मे महिन्यात सुट्टीला जाणाऱ्यांची गर्दी असते आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोऱ्या पानांचा हवा. शाळेत असताना काढलेला पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो, म्हणून आधी त्याची मुदत पाहा. नावाचाही घोळ होतो: गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि मध्ये वडिलांचं नाव, पासपोर्टवर वेगळा क्रम. जर्मन विद्यापीठाचं प्रवेशपत्र, प्रवासी वैद्यकीय विमा आणि तिकिटाचं आरक्षण या तिन्हींवर पासपोर्टवरचंच स्पेलिंग असू द्या. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मायदेशी परत आणण्याचा खर्चही धरणारा लागतो.

अधिकाऱ्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते: खर्च कोण करणार आणि मुलगा किंवा मुलगी परत येणार का. पहिलीसाठी पालकांचं खर्चाची जबाबदारी घेणारं पत्र, बँक स्टेटमेंट आणि आयटीआर जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम टाकू नका. ती उसनी आणल्याचा संशय येतो. पगार किंवा धंद्याचा नियमित जमा-खर्च दिसणारं मध्यम शिल्लक असलेलं खातं त्यापेक्षा भक्कम ठरतं.

दुसरीसाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे कॉलेजचं बोनाफाईड. ‘सदर विद्यार्थी येथे शिकत आहे’ एवढ्यावर थांबणारा छापील नमुना घेऊ नका. वर्ष, शाखा, पुढचं सत्र कधी सुरू होतं ती तारीख आणि कोर्सला जायला हरकत नसल्याचा उल्लेख लिहून मागा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे पुढचं सत्र नसतं, त्याने पुढच्या प्रवेशाचं किंवा नोकरीचं पत्र द्यावं. १८ वर्षांखालील असल्यास दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो.

प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे. मात्र शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंगेन नियमांत या शुल्कातून सूट आहे, आणि ती बऱ्याच घरांत माहीतच नसते. प्रवेशपत्र व बोनाफाईड दाखवून काउंटरवर स्पष्ट विचारा. व्हीएफएसचं सेवाशुल्क मात्र भरावंच लागतं.

व्हिसा हातात आला की स्टिकरवरच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस वेगवेगळे वाचा. तारखांची खिडकी ४५ दिवसांची आणि मुक्काम ३० दिवसांचा असेल, तर राहायचं ३० दिवसच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर नवी इलेक्ट्रॉनिक नोंदपद्धती टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे एक दिवस जास्त राहिलात तरी ते नोंदलं जातं.

अर्ज नाकारला तर कारणं लेखी मिळतात. दूतावासाकडे फेरविचार मागण्याची जुनी सोय जर्मनीने १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणं किंवा नवा अर्ज करणं, एवढंच उरतं. कोर्स तोंडावर असताना नवा अर्जच सोयीचा. त्यात नकारपत्रावर खूण केलेल्या कारणाला थेट उत्तर देणारा कागद नव्याने जोडा.