बेटांवरील युवा पर्यावरण शिक्षण आणि कोल्हापूर

उष्ण कटिबंधातील बेटांवर शाळकरी मुलांना आणि तरुणांना भोवतालचा निसर्ग ओळखायला, मोजायला आणि राखायला शिकवणारे जे उपक्रम गेल्या पन्नासेक वर्षांत उभे राहिले, त्यांना स्थूलपणे ‘बेटांवरील युवा पर्यावरण शिक्षण’ म्हणतात. या नोंदीत कॅरिबियनमधले सेंट लुशिया, हिंदी महासागरातले मॉरिशस आणि सेशेल्स, प्रशांत महासागरातले पलाऊ आणि वानुआतू येथील अनुभव कोल्हापूर जिल्ह्यातल्या कामाशेजारी ठेवून पाहिले आहेत.

कोल्हापूरला समुद्र नाही. दाजीपूर ओलांडून फोंडा घाट उतरावा तेव्हा कोकण लागते. पण बेट म्हणजे काय, हे इथल्या मुलांना सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा पात्राबाहेर पडल्या, शिरोळ तालुक्यातल्या गावांना पाण्याने वेढले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. घरात किती पाणी उरले, दूध कधी येणार, औषध कोण आणणार, जनावरे कुठे बांधायची, हे प्रश्न त्या दिवसांत दहा वर्षांच्या पोरालाही पडले. बेटावरच्या शिक्षणाचा पहिला धडा हाच असतो : जे आहे ते मर्यादित आहे आणि ते संपू शकते.

बेटांची परिस्थिती

पृथ्वीवरच्या एकूण जमिनीत बेटांचा वाटा जेमतेम पाच टक्के आहे, पण गेल्या काही शतकांत नामशेष झालेल्या म्हणून नोंदलेल्या प्रजातींपैकी निम्म्याहून अधिक बेटांवरच्या होत्या. त्याचे कारण साधे आहे. बेटावर हजारो वर्षे एकटे वाढलेले पक्षी, सरडे, गोगलगायी दुसरीकडे कुठेच नसतात, आणि जहाजांतून आलेल्या उंदीर-मांजरांपासून वाचण्याची सवय त्यांना नसते. मॉरिशसचा डोडो सतराव्या शतकातच संपला. जागाही फार थोडी असते. लक्षद्वीपच्या ३६ बेटांची मिळून जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर भरते आणि त्यांतल्या दहाच बेटांवर वस्ती आहे. आपले राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे, म्हणजे अख्ख्या लक्षद्वीपच्या दहापटीहून मोठे. एवढ्याशा जमिनीवर कचरा टाकायला ‘गावाबाहेर’ अशी जागाच नसते.

सेंट लुशियाचा पोपट

या क्षेत्रातले सर्वांत बोलके उदाहरण कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशियाचे आहे. तिथे, आणि फक्त तिथेच, आढळणारा एक रंगीत पोपट १९७० च्या दशकाच्या अखेरीस शंभराच्या आसपास उरला होता. शिकार चालू होती, पिल्ले पिंजऱ्यासाठी पळवली जात होती, रान तुटत होते. वनखात्याबरोबर काम करणाऱ्या पॉल बटलर या तरुण अभ्यासकाने कायदे कडक करण्याची मागणी केलीच, पण बराच जोर दुसरीकडे लावला. हा पक्षी आपला आहे, जगात इतर कुणाकडे नाही, ही गोष्ट बेटावरच्या प्रत्येक मुलाच्या कानावर पडली पाहिजे, असे त्याने ठरवले. पोपटाचा वेश घातलेला ‘जाको’ शाळाशाळांतून फिरला. गाणी झाली, रेडिओवर कार्यक्रम झाले, चर्चमधल्या प्रवचनांतही पोपट आला. १९७९ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि हाच पोपट राष्ट्रीय पक्षी ठरला. पुढच्या दशकांत त्याची संख्या हजाराच्या पुढे गेली. ‘रेअर’ या संस्थेने ही पद्धत नंतर अनेक देशांत नेली.

या कथेत वेशातल्या जाकोइतकेच रेडिओ, गाणी आणि चर्च महत्त्वाचे आहेत. नवी संघटना काढून तरुणांना तिथे बोलावण्याऐवजी, तरुण आधीच जिथे जमतात तिथे विषय नेला गेला. कोल्हापुरात अशी जागा म्हणजे तालीम मंडळ. पेठेतल्या तालमीतून कुस्ती, फुटबॉल, गणेशोत्सव आणि पुरातली मदत असे सगळे चालते, आणि तालमीच्या पोरांनी एखादी गोष्ट अंगावर घेतली की ती तडीस जाते. होळीत शेणी (गोवऱ्या) जाळण्याऐवजी त्या पंचगंगा स्मशानभूमीला द्यायचा शेणीदानाचा उपक्रम इथे रुजला तो मंडळांमुळे. स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि त्यासाठी शेणी लागतातच, त्यामुळे दान कुठे जाते हे देणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. भाषणापेक्षा हे दिसणे अधिक काम करते.

मूर्तिदानाचेही तसेच. घरगुती गणपतीच्या विसर्जनाला घाटांवर महाविद्यालयीन मुलेमुली मूर्ती आणि निर्माल्य स्वीकारायला उभी राहतात, गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईत, पाणी भरून त्यात विसर्जन होते, आणि नदीऐवजी इराणी खण या जुन्या दगडखाणीतल्या तळ्याकडे मूर्ती वळवल्या जातात. पहिल्या काही वर्षांत वाद झाले, शब्दाला शब्द लागला. आज अनेक घरांतून मूल स्वतःच आजीला काहिलीकडे घेऊन जाते. भावना न दुखावता सवय बदलणे हे पर्यावरण शिक्षणातले सर्वांत अवघड काम, आणि कोल्हापूरच्या तरुणांनी ते करून दाखवले आहे.

मॉरिशस आणि सेशेल्स

मॉरिशसशी मराठी वाचकाचे नाते वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. क्षेत्रफळाने हा देश कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळजवळ एकचतुर्थांश. तिथल्या खास ससाण्याचे १९७४ मध्ये रानात फक्त चार पक्षी माहीत होते. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्ले हाताने वाढवून ती जात वाचवली. १९८४ मध्ये स्थापन झालेली मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन आता इल-ओ-एग्रेत या किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटावर शाळकरी मुलांना नेते. बेट अवघे २६ हेक्टरचे. उंदीर-मांजरे काढून टाकून, देशी आबनूस लावून जुने रान पुन्हा उभे केले आहे. हरवलेले रान परत आणता येते, हे ती मुले त्यात चालत शिकतात.

सेशेल्समध्ये १९६८ साली कझिन हे चिमुकले बेट केवळ एका वटवट्या पक्ष्यासाठी विकत घेतले गेले. त्या वेळी तो तीसहून कमी उरला होता. १९९४ पासून त्या देशातल्या शाळांमध्ये वन्यजीव मंडळे चालतात.

मोजायला शिकणे

युनेस्कोच्या पाठबळाने कॅरिबियन बेटांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सँडवॉच’ सुरू झाला. मुले आपल्या गावचा किनारा दर काही आठवड्यांनी मोजतात : वाळूची रुंदी, लाटांची उंची, पाण्याचा गढूळपणा, वाहून आलेला कचरा. दोरी, टेप, वही एवढीच साधने. दोन-तीन वर्षांत त्या वहीतून किनारा कुठे खचतो हे दिसू लागते, मग मुले गावाला काय करायचे ते सुचवतात.

हा प्रकार कोल्हापूरला सर्वांत जवळचा वाटावा. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. हे आकडे इथे पाठ्यपुस्तकाविना पाठ असतात. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, हे पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही विचारले जाते. म्हणजे नदी मोजण्याची सवय लोकांत आहेच, ती फक्त पुराच्या दिवसांपुरती आहे. उन्हाळ्यात त्याच पात्राकडे वही घेऊन कुणी जात नाही. जयंती नाल्याचे पाणी मिसळते तिथे रंग कसा आहे, केंदाळ (जलपर्णी) किती पसरले, रंकाळ्यावर कोणते पक्षी कोणत्या महिन्यात आले, याची सलग नोंद एखाद्या शाळेने दहा वर्षे ठेवली, तर तिचे मोल कुठल्याही प्रदर्शनातल्या तक्त्यापेक्षा मोठे असेल.

शाळेतली बाजू

पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेची पथके शाळांत आली. राज्यात प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा. कागदावर उणे काही नाही. उणीव आहे ती बाहेर पडण्याची. प्रकल्पवही दुकानातून तयार मिळते, त्यात कुठल्याही नदीचे चित्र चिकटवले तरी गुण मिळतात, आणि पंचगंगेपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे मूल गंगेच्या प्रदूषणावर लिहिते. मुलाचा यात दोष नाही. त्याला कुणी घाटावर नेलेच नाही.

रानाच्या कडेला शिकवताना आणखी एक सावधगिरी लागते. दाजीपूरचे रान संस्थानकाळी शिकारीसाठी राखलेले होते. १९५८ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात राधानगरीचा समावेश झाला. गवा ही इथली ओळख. पण राधानगरी-भुदरगडच्या मुलाच्या घरचा ऊस नि भात रात्रीत तुडवणाराही गवाच असतो. पंचनामा, नुकसानभरपाई आणि बापाची रात्रभराची राखण यांबद्दल न बोलता त्या मुलाला ‘गवा वाचवा’ म्हणणे अन्यायाचे आहे. सेंट लुशियाच्या पोपटाची कथा इथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

तरुणांचा आवाज

पलाऊने डिसेंबर २०१७ पासून प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा उमटवायला सुरुवात केली. ती तिथल्या मुलांना उद्देशून आहे आणि लिहिण्यातही मुलांचा हात होता. सही केल्याशिवाय देशात प्रवेश नाही. बालीत २०१३ मध्ये दहा आणि बारा वर्षांच्या दोन बहिणींनी प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली, २०१९ मध्ये तिथे बंदी आली. वानुआतूतल्या विद्यापीठ केंद्रात २०१९ मध्ये कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी एक प्रश्न घेतला : हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय? २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने आपले मत दिले. वर्गातल्या एका प्रश्नाने सहा वर्षांत एवढी मजल मारली.

जमिनीवरची बेटे

पाण्याने वेढलेली जमीनच बेट असते असे नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचे सडे आणि पठारे ही भोवतालच्या रानापासून तुटलेली बेटेच आहेत. त्यांवरच्या कित्येक वनस्पती दुसरीकडे दिसत नाहीत. कंदीलपुष्पाच्या पश्चिम घाटातल्या दुर्मीळ जाती शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जपल्या आहेत. आंबोलीचा एक छोटा भेक त्या परिसरापुरताच आहे.

सर्वांत लहान बेट मात्र पाण्यातले आहे. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, मंदिरालगतच्या पाण्यात, शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटाएवढाही नसलेला मासा राहतो. २०२० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. उगम सिंधुदुर्गात, पण पुढे नदी आजरा आणि गडहिंग्लजवरून वाहते, आणि नळाला येणाऱ्या तिच्या पाण्यावर इथली मुले मोठी होतात. आजऱ्याच्या शाळेला आपला जाको हवा असेल तर तो एसटीच्या एका फेरीवर आहे. तिथे जाताना तुकडी लहान ठेवावी, पाण्यात पाय घालू नये, जाळे किंवा बाटली नेऊ नये. काठावर बसून पाणी स्थिर होईपर्यंत थांबले, की तळाच्या खड्यांमधून तो हलताना दिसतो.